धाकल्याची हाक

मेलेल्या माणसाचा एक मोठा गुण असतो, तो उलट बोलत नाही. त्यामुळे ऑफिसात काही बिघडलं की खापर फोडायला त्याच्याइतकं सोयीचं डोकं दुसरं सापडत नाही. जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये मे महिन्यातल्या एका सोमवारी हेच झालं. डोकं होतं राजदीपचं, आणि राजदीपला जाऊन चार महिने झाले होते.

झालं असं की रविवारी भर दुपारी, जळगावात रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरून पडलेली असतात त्या वेळी, दोन नंबरच्या खोलीचा एसी बंद पडला. त्या खोलीत बाटल्यांमधून केळीची रोपं वाढत होती, बोटाएवढी. त्यांना पंचवीस अंश लागतात. संध्याकाळपर्यंत खोली एकेचाळीसवर गेली. रविवार, त्यामुळे फाटकावरच्या वॉचमनखेरीज लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. सोमवारी सकाळी बाटल्या भरणाऱ्या सुगंधाबाईंनी दार उघडलं आणि तिथंच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. कप्प्यांवर ओळीनं लावलेल्या सगळ्या बाटल्यांत रोपं माना टाकून पिवळी पडली होती. सहा महिन्यांची मेहनत एका दुपारी उकडून गेली.

आता हे कळायला हवं होतं. त्यासाठीच तर लॅबमध्ये लिनक्सचा सर्व्हर होता आणि त्यावर एक डीमन चालत होता. डीमन म्हणजे पडद्यामागं अष्टौप्रहर चालणारा प्रोग्राम. तो दर मिनिटाला खोल्यांचं तापमान बघायचा, बॅटऱ्या बघायचा, डिस्क बघायचा, आणि काही बिनसलं की एक स्क्रिप्ट चालवायचा. ती स्क्रिप्ट फोन लावायची. राजदीपनं हे सगळं एकहाती बसवलं होतं आणि त्या डीमनचं नाव ठेवलं होतं ‘धाकला’. “माझा धाकटा भाऊ आहे,” तो सांगायचा. “खात नाही, झोपत नाही, नुसता हाका मारतो. आमचे आजोबा गावात जागल्या होते, रात्रभर हाका देत फिरायचे. नातवानं हाका द्यायला यंत्र ठेवलं, एवढीच काय ती प्रगती.” आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा.

त्या रविवारी धाकल्याची हाक राजदीपच्या मागं सर्व्हर सांभाळणाऱ्या संघमित्राच्या फोनवर आली नाही. ती घरी कुलर लावून झोपली होती, फोन उशाशीच होता.

“राजदीपचा जुना खटारा होता तो,” मॅनेजर भूपेंद्र सर म्हणाले. “पुण्याला हेड ऑफिसला रिपोर्ट पाठवायचाय गुरुवारी. सरळ लिहून टाका, मयत इंजिनिअरनं लिहिलेली स्क्रिप्ट सदोष होती. कुणाच्या नोकरीवर येत नाही, कुणाला वाईट वाटत नाही.”

संघमित्राला मात्र फार वाईट वाटलं. जामनेरहून ती या नोकरीत आली तेव्हा तिला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघूनच घाम फुटायचा. बाकीच्यांनी गंमत बघितली. राजदीपनं शेजारी खुर्ची ओढून तिला शिकवलं. चुकली तर म्हणायचा, “संघमित्रा, मशीन खोटं बोलत नाही. आपण विचारलेलं चुकतं.” त्या माणसाच्या नावावर ही बाटल्यांची रांग टाकायची? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. “गुरुवारपर्यंत मला बघू द्या, सर,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळपासून ती बसली. पहिल्यांदा तिनं स्क्रिप्ट हातानं चालवून बघितली, चाचणीसाठी स्वतःचा नंबर देऊन. फोन लगेच वाजला. म्हणजे हातानं चालते, धाकला चालवतो तेव्हा चालत नाही. हा रोग या धंद्यात जुना आहे, आणि त्याची औषधंही ठरलेली आहेत. डीमन वेगळ्या युजरच्या नावानं चालतो, त्याला परवानगी आहे का? होती. आपल्याला जे प्रोग्राम जिथं सापडतात ते त्याला तिथं सापडतात का? सापडत होते. मोडेमचं सिम चालू होतं का? होतं. दुपारपर्यंत ती साप म्हणून भुई धोपटत राहिली आणि साप काही निघेना. डीमनच्या लॉगमध्ये रविवारची नोंद स्वच्छ होती: दोन वाजून अकरा मिनिटांनी तापमान वाढलं, स्क्रिप्ट चालवली, स्क्रिप्ट यशस्वी. यशस्वी! तिला त्या शब्दाचा संताप आला.

मग तिनं धाकल्यालाच फसवायचं ठरवलं. तापमानाची मर्यादा वीसवर आणून ठेवली, म्हणजे बऱ्या खोलीतही त्याला ताप दिसावा. आणि राजदीपनं स्वतःसाठी ठेवलेला दुसरा लॉग उघडून बसली. तो लॉग राजदीपनं धाकल्याला घरच्या बोलीत, अहिराणीत लिहायला शिकवला होता. ऑफिसात त्यावरून त्याची थट्टाही व्हायची, ‘पोचना’ म्हणजे पोचला की नाही पोचला म्हणून; अहिराणीत पोचना म्हणजे पोचला. मिनिट भरलं. पडद्यावर ओळ उमटली:

राजदीप — हाक.

तिच्या फोनकडे तिनं बघितलं. गप्प होता. सात सेकंदांनी दुसरी ओळ आली:

राजदीप — समजनं.

समजनं म्हणजे समजलं. कुणाला समजलं? जानेवारीत धुळ्याहून मोटरसायकलवर जळगावला येताना पारोळ्याच्या पुढं ट्रकनं उडवलेल्या माणसाला? त्याच्या जलदानाच्या विधीला ती स्वतः गेली होती. भिक्खूंच्या मागून वंदना म्हणताना तिचा आवाज फुटला नव्हता. तिनं लॉग मागं नेला. चार महिन्यांत अकरा वेळा धाकल्यानं राजदीपला हाक मारली होती आणि अकरा वेळा राजदीपला समजलं होतं. दहा हाका किरकोळ होत्या, बॅटरी उतरली, डिस्क भरत आली, असल्या. सकाळी पडद्यावर बघून तिनं ती कामं केलीही होती. अकरावी रविवारची, दोन वाजून अकरा मिनिटांची.

मग तिनं स्क्रिप्ट वरपासून वाचली. शंभरदा वाचलेली, पण पाठ झालेलं माणूस वाचत नाही. हाक आधी यादीतल्या पहिल्या नंबरावर जाते. त्यानं तीस सेकंद उचललं नाही किंवा फोन बंद असला तर दुसऱ्या नंबरावर. पण पहिल्यानं रिंग वाजताच फोन कापला, तर त्याला कळलं असं धरायचं, दुसऱ्याला हाक मारायची नाही आणि त्या बिघाडासाठी पुन्हाही मारायची नाही. एकाला समजलं तर दुसऱ्याची झोप कशाला मोडायची, असा त्याचा हिशेब. दुसरा नंबर संघमित्राचा होता, म्हणजे झोपही तिचीच. त्या ओळीच्या डोक्यावर राजदीपनं शेरा लिहून ठेवला होता: मायना नियम — कापा म्हंजे समजनं. आईचा नियम, कापलं म्हणजे समजलं.

आणि पहिला नंबर? तो अजून राजदीपचाच होता. काढायला हवा होता. काढायचं काम तिचंच होतं. जलदानानंतर तीन वेळा तिनं ती फाइल उघडली होती. ओळीच्या सुरुवातीला एक हॅशची खूण (#) टाकली असती तरी धाकल्यानं ती ओळ ओलांडली असती. एका बोटाचं काम. पण पडद्यावर ‘राजदीप’ ही अक्षरं दिसली की तिचं बोट उचलायचं नाही. राहू दे, असं तिनं मनाची समजूत घातली. फोन तर बंदच असणार, हाक अर्ध्या मिनिटानं माझ्याकडं येईल, एवढ्यानं काय बिघडतंय.

फोन बंद नव्हता, एवढंच बिघडलं. कुणीतरी तो चार महिने चार्ज करत होतं आणि प्रत्येक हाकेला कापत होतं.

बुधवारी सकाळी ती धुळ्याची एसटी धरून निघाली. लॅपटॉप मांडीवर, खिडकीतून भट्टीसारखा वारा. पारोळा जवळ आलं तेव्हा तिनं बाहेर बघायचं टाळलं.

राजदीपची आई झुंबरबाई धुळ्यातल्या देवपूरमध्ये दोन खोल्यांत राहायच्या. नगरपालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून त्यांनी तीस वर्षं घंटा वाजवली होती आणि त्या घंटेच्या जोरावर मुलाला इंजिनिअर केलं होतं. दारात संघमित्राला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला, मग ओळखलं.

“जयभीम, अक्का,” संघमित्रा म्हणाली.

“जयभीम, बेटा. ये, माय. उन्हमा कसाले ऊनी?” त्यांनी माठातलं पाणी दिलं. आणि पाणी पिता पिताच संघमित्राला तो दिसला. भिंतीवर राजदीपचा हार घातलेला फोटो होता, त्याच्या खालच्या फळीवर त्याचा बटणांचा साधा फोन. चार्जरची वायर त्याला लावलेलीच होती. ड्युटीचा फोन म्हणून राजदीप तो मुद्दाम वापरायचा. पडला तरी फुटत नाही म्हणायचा. तो म्हणाला ते खरं निघालं होतं. वर्षभराचं रिचार्जही त्यानं दिवाळीलाच मारून ठेवलं होतं.

“अक्का, हा फोन वाजतो का?”

झुंबरबाईंनी फोटोकडं बघितलं नाही, फोनकडं बघितलं. “वाजस ना. धाकला करस.”

संघमित्रानं फोन हातात घेतला. काल दुपारच्या कॉलपुढं खरंच ते नाव होतं. राजदीपनं सर्व्हरचा नंबर त्याच नावानं ठेवला होता. तिनं फोन परत फळीवर ठेवला.

“मी काय येडी नई,” झुंबरबाई स्वतःहून म्हणाल्या. “मना पोऱ्या गया, हाई माले माहीत शे. धाकला म्हंजे त्यानी मशीन, हाई बी माहीत शे. तोच सांगे, माय, मी तुना मोठा, आन मशीन धाकला. दर इतवारले तो आठून निंघे. जळगावले पोचना की मिसकॉल दे. दोन रिंग व्हयन्यात का मी कापी टाकू. मी कापा म्हंजे त्याले समजे, मायले समजनं. मंग तो झोपे. त्या दिन तो निंघना आन मी फोन हातमा धरीसन बसनी. मिसकॉल ऊनाच नई.”

मायना नियम. शेरा लिहिणाऱ्यानं तो नियम इथून, या घरातून उचलून नेला होता आणि सर्व्हरला शिकवला होता.

“चार दिन व्हयनात,” झुंबरबाई पुढं म्हणाल्या, “पोलीसनी त्यानं घड्याळ आन हाऊ फोन आनी दिधा. आन त्याच दिन हाऊ वाजना. देखं ते धाकला. मनमा ऊनं, मोठा ते पोचना नई, पन धाकला हाक मारी ऱ्हायना. त्यानी हाकले कोन जबाब देई? मी कापी टाका. समजू दे त्याले, माय जागी शे. तव्हयपासून रोज चार्जिंगले लावस. कधी वाजस, कधी आठ-आठ दिन वाजस नई. वाजना का तेवढा दिन बरा जास.”

येताना एसटीत संघमित्रानं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. ते एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. पण सांगणं भाग होतं. न सांगता नंबर काढला असता तर ही बाई फोन चार्ज करत, वाट बघत बसली असती, आणि ते तर फारच वाईट. म्हणून तिनं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. हाक का येते, कापल्यावर सर्व्हर काय समजतो, रविवारी काय झालं.

झुंबरबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे मी कापा, म्हनीसन रोपं मरी गयात?”

“नाही, अक्का. यादीतलं राजदीप सरांचं नाव मी काढलं नाही, म्हणून. ते माझं काम होतं.”

“का काढं नई?”

“काढवलं नाही,” संघमित्रा म्हणाली, आणि चार महिने दाबून ठेवलेलं रडू त्या दोन शब्दांमागून बाहेर पडलं. जलदानाला फुटला नव्हता तो आवाज परक्या घरात, दिवसाढवळ्या, असा फुटला की शेजारची बाई दारातून डोकावून गेली.

झुंबरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “माले बी फोन बंद करवना नई,” त्या म्हणाल्या. “दोन्ही बायास्नी मिळीसन रोपं मारात. तुना साहेब काय म्हनस?”

“राजदीप सरांची स्क्रिप्ट चुकली होती म्हणतात. तसं लिहायला सांगितलंय.”

आता झुंबरबाईंचा आवाज शाळेच्या शिपायाचा झाला, व्हरांड्यात पोरांना गप्प करणारा. “त्यानं काय चुकनं? त्यानं ते समदं बराबर करेल व्हतं. मनं नाव लिख. बुढीनं फोन कापा, असं लिख.”

“तुमचं नाही लिहिणार. माझं लिहीन. यादी बदलायची राहिली, एवढंच लिहीन, आणि ते खरं आहे.” नोकरीचं काय होईल ते होईल, असं तिला त्या क्षणी अगदी सहज वाटलं. मग तिच्या डोक्यात एक कल्पना आली आणि तिनं ती लगेच बोलून टाकली. “अक्का, नाव काढावं लागेल. पण मी एक वेगळी छोटी स्क्रिप्ट लिहू शकते. रोज संध्याकाळी सात वाजता धाकला तुम्हाला एक रिंग देईल. तुम्ही कापायची. त्यानं कुणाचं काही बिघडणार नाही.”

झुंबरबाई फळीवरच्या फोनकडं बघत राहिल्या. त्यांना ते हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“नको, बेटा,” शेवटी त्या म्हणाल्या. “मिसकॉल म्हंजे मानूस पोचना. जो पोचना नई, त्याना मिसकॉल कसाले?”

बाहेर रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली.

मग झुंबरबाईंनीच विचारलं, “आते माले सांग. मी कापा नसता ते काय व्हतं?”

“अर्धा मिनिट वाजून तो फोन थांबला असता. मग माझा वाजला असता.”

“आठे बशीसन करता येस का?”

संघमित्रानं लॅपटॉप उघडला आणि आपल्या फोनचं नेट जोडलं. लॅबच्या सर्व्हरवर गेली. कालच्यासारखीच मर्यादा वीसवर आणली. खरं तर रिपोर्टसाठी ही चाचणी तिला करायचीच होती, पण तसं तिनं म्हटलं नाही. झुंबरबाईंनी फळीवरून फोन काढला, चार्जरची वायर सोडवली आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या.

मिनिट भरलं आणि फोन वाजला. छोट्या पडद्यावर ‘धाकला’ उजळत होतं, विझत होतं. झुंबरबाईंचा अंगठा सवयीनं लाल बटणावर गेला. दोन रिंगा झाल्या. दर वेळी इथंच तो अंगठा खाली जायचा. संघमित्रानं बघितलं, अंगठा बटणावरच होता, पण खाली जात नव्हता. तीन. चार. त्यांनी दुसऱ्या हातानं तो अंगठा धरला आणि बटणावरून बाजूला ओढला. फोन वाजत राहिला. तीस सेकंद किती मोठे असतात ते संघमित्राला त्या दिवशी कळलं. राजदीपनं ते आकडे लिहिताना सहज लिहिले असणार. झुंबरबाईंचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या की काही म्हणत होत्या, हे तिनं कधी विचारलं नाही.

फोन थांबला. आणि लगेच संघमित्राचा वाजला. तिनं तो कापला.

“काय लिखं त्यानं?” झुंबरबाईंनी लॅपटॉपकडं हात करून विचारलं.

काळ्या पडद्यावर चार ओळी होत्या. संघमित्रानं वाचून दाखवल्या.

“राजदीप — हाक. राजदीप — जबाब नई. संघमित्रा — हाक. संघमित्रा — समजनं.”

झुंबरबाईंनी मान हलवली. “परत वाच. दुसरी.”

“राजदीप — जबाब नई.”

“हा,” त्या म्हणाल्या. “आते बराबर लिखं.” डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. “खोडी टाक आते त्यानं नाव. मनासमोर खोड.”

संघमित्रानं यादी उघडली. पहिल्या ओळीवर आली आणि या वेळी तिचं बोट उचललं, खोडायच्या बटणावर गेलं. झुंबरबाई अक्षरं जाताना बघत होत्या. वाचता येत नसलेलं माणूस बघतं तसं नव्हे, एकेक अक्षर ओळखून. मग त्यांनी फोनचं बटण दाबून धरलं. पडदा विझला. वायर नीट गुंडाळून त्यांनी फोनसोबत कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

चारच्या एसटीला संघमित्रा निघाली. झुंबरबाई कोपऱ्यापर्यंत पोचवायला आल्या, ऊन होतं तरी. वळताना त्यांनी तिचा हात धरला.

“पोचनी की मिसकॉल दे,” त्या म्हणाल्या. “मना फोनवर दे, बेटा. त्याना फोनवर नको.”